परसूनं ओढलेलं मीठ

या आठवणी लिहायला घेतल्यापासून हे प्रकरण मी तीनदा टाळलं. शाळेचं लिहिलं, पऱ्हाटीच्या वावराचं लिहिलं, माझ्या लग्नात वावटळीनं मांडव उडाला तेही लिहिलं. समुद्राचं तेवढं राहू दिलं. घरात नातवंडं विचारतात, "आबा, तुम्ही तरुणपणी कोकणात गेलते ना?" मग मी त्यांना बांगड्याचं कालवण सांगतो, किल्ला सांगतो, होडी सांगतो, आणि परतीच्या एसटीत बसायच्या आत गोष्ट संपवतो. पोरांना ती तिथंच संपते असं वाटतं. जे सांगायला हवं ते त्या एसटीत घडलं. मी एका मित्राचा विश्वास मोडला, आणि वरून त्याबद्दल स्वतःचं कौतुक करून घेतलं. हे तोंडानं सांगायला पन्नास वर्षं पुरली नाहीत, म्हणून लिहितो.

आमचं गाव ढाणकीच्या जवळ. माझी मोठी बहीण शांताताई. तिचे यजमान बँकेत होते आणि त्यांची बदली पार कोकणात, समुद्रकाठच्या एका खेड्यात झाली होती. ताईला सातवा महिना लागला तेव्हा तिला बाळंतपणासाठी घेऊन यायचं काम माझ्यावर आलं. बाबांना वखरणी सोडून हलता येत नव्हतं, आणि मी कॉलेजची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत घरात नुसता खात बसलो होतो. आईनं तुरीची डाळ, जवसाची चटणी, वाळल्या मिरच्या आणि ज्वारीचं पीठ असं काही बांधून दिलं, की पाहणाऱ्याला वाटावं समुद्राकाठी दुष्काळ पडला आहे. "तिकडं भात खाऊ खाऊ पोरीचं पोट सुटलं असंन," आई म्हणाली. मी म्हणालो, "आई, तिला सातवा आहे." "तेच तं म्हणून राह्यली मी!" आई म्हणाली.

एकट्यानं एवढा प्रवास करायची माझी छाती नव्हती, म्हणून मी परसूला सोबत घेतलं. परसराम हा आमच्या गावाशेजारच्या लमाणांच्या तांड्यावरचा. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसलो. फौजेच्या भरतीत त्याचं नाव लागलं होतं, फक्त बोलावणं यायचं होतं. त्याचा आजा, सोमलादादा, नव्वदीचा होता. डोळे गेलेले, पण जीभ कोणाच्या बापाला ऐकत नव्हती. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य लादून समुद्राकडे जात आणि मीठ लादून परत येत. पुढे रेल्वे आली, तो धंदा बसला आणि त्यांनी इथं वावरं धरली. दादानं स्वतः समुद्र पाहिला नव्हता, त्याच्या बापानंही नाही. पण आज्याकडून ऐकलेली ती वाट दादा अशी सांगायचा, की जणू काल संध्याकाळी बैल सोडून आला आहे. मला एकदा विचारलं, "वसंता, मीठ कुठून निंघते, पाह्यलं काय कधी?" मी म्हणालो, "पाह्यलं ना दादा, दुकानातून निंघते." दादा इतका हसला, की खोकल्यानं त्याला पाणी पाजावं लागलं.

आम्ही कोकणात जातो आहोत हे कळल्यावर दादानं परसूला बाजेजवळ बोलावलं. "दुकानातलं मले नको सांगू. जिथं आपले बैल जात होते तिथलं आण. सोता काढ, आपल्या हातानं. एक खडा जिभेवर ठेवतो अन् मोकळा होतो."

"मोकळा होतो म्हंजे?" परसूनं विचारलं.

"म्हंजे मरतो बे! अजून काय?"

परसूची आई, तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, आतून ओरडली, "चांगल्या कामाले निंघाले पोट्टे, तोंडाले कुलूप लावा जरा!" पण मग तिनंच पेटीतून स्वतःच्या लग्नातली कोथळी काढून आणली. आरसे आणि कवड्या लावलेली, भरतकामाची, दोन ओंजळी मावतील एवढी कापडी पिशवी. ती तिनं परसूच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात आपल्या हातानं घातली.

एसट्या बदलत अडीच दिवसांनी आम्ही पोचलो. शेवटच्या उतारावर एक वळण आलं आणि अख्ख्या गाडीत एकटा परसू उठून उभा राहिला. "वश्या, हे तं उभं आहे!" तो म्हणाला. त्यानं समुद्र आडवा असेल असं धरलं होतं, तलावासारखा. उंचावरून पाहिलं तर तो खरंच उभा दिसतो, निळ्या भिंतीसारखा, आणि होड्या त्या भिंतीवर चिकटवल्यासारख्या. कंडक्टरनं खाली बसायला सांगितलं, परसू बसला नाही. खाली उतरल्यावर सामान माझ्याजवळ टाकून तो सरळ पाण्यात गेला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून म्हणाला, "बाप्पा! कोण्या सुनंनं घातलं एवढं मीठ?"

ताईचं बिऱ्हाड सुमनकाकी नावाच्या विधवा बाईच्या घरात होतं. चिऱ्याची पायरी, पुढे माड, मागे पोफळी, आणि पोफळींच्या पलीकडे न दिसणारा, पण सारखा बोलणारा समुद्र. पहिले दोन दिवस परसू दर थोड्या वेळानं अंगणात जाऊन आभाळाकडे पाहायचा. त्याला वाटायचं सर आली. सकाळी काकीच्या तव्यावर घावनाचं पीठ पडलं की चर्र आवाज व्हायचा, जाळीदार पांढरं घावन निघायचं, आणि त्याच्यासोबत गूळ घातलेला नारळाचा रस. मी आठ-आठ खायचो. परसूला गोड सकाळी चालत नसे; तो पुडीतली जवसाची चटणी काढून घावनावर टाकायचा. काकी कपाळावर हात मारून म्हणायची, "तिखट खाऊन तुमची जीभ मेली रे झिलांनो!" तिसऱ्या दिवशी तिनं चिमूटभर चाखली, डोळ्यांतून पाणी काढलं, दोन तांबे ताक प्याली. चौथ्या दिवशी चटणी मागायला तिनं स्वतःच बशी पुढे केली. "ती चटणी हाड बघूया." आईचं अर्धं ओझं त्या बशीतच संपलं.

भाऊजींना बँकेत काय येत होतं मला माहीत नाही, पण कुठं काय खावं आणि कोणत्या वाटेनं जावं यात त्यांचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर नव्हता. मूळचे आमच्या वणीकडचे, पण दोन वर्षांत इतके कोकणी झाले होते की मासे बोटांनी दाबून पाहायचे आणि नाक मुरडायचे. बँक सुटली की आमची वरात निघायची. खाडीच्या तरीवर, होड्या लागत तिथं, बाबल्या नावाच्या माणसाची खानावळ होती. चार बाकडी, वर झावळ्यांचं छप्पर. आज काय आहे असं त्याला विचारायची सोय नव्हती. "बसा आधी," एवढंच म्हणायचा. होडीत आलं असेल ते पानात. एके दिवशी तिसऱ्या आल्या, खाडीतले शिंपले. परसूनं शिंपल्यासकट एक दाताखाली घेतली आणि त्या आवाजानं अख्खी खानावळ वळली. बाबल्या शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडे भुईमूग सालीसकट खातत काय?" कोकमाची गुलाबी सोलकढी मी तिथं पहिल्यांदा प्यालो, परसू तिला रंगीत ताक म्हणत असे, पण तीन वाट्या प्यायचा. किल्ल्यावर ओहोटीत वाळूतून पायी जायचं आणि भरतीच्या आत परतायचं. परतताना टेकडीवरच्या टपरीत कांदाभजी, आणि काजूच्या लाकडाच्या धुराचा वास लागलेला चहा. देवळामागच्या झऱ्याचं पाणी इतकं गोड, की समुद्राच्या एवढ्या जवळ ते कसं राहिलं याची परसूला काळजी पडायची.

माझा नातू मागच्या हिवाळ्यात मित्रांबरोबर तिकडं जाऊन आला. त्यानं फोनवर फोटो दाखवले. तरीवर आता दिव्यांच्या माळा आहेत, खुर्च्यांना गाद्या आहेत, तिसऱ्या चिनी मातीच्या मोठ्या बशीत येतात. त्याला सगळं आवडलं आणि आवडावंही. मी चष्मा लावून फोटोच्या कडेला मिठागर दिसतं का ते शोधत होतो. दिसलं नाही.

मिठागर खाडीच्या आतल्या अंगाला होतं. बांध घातलेले चौकोनी उथळ वाफे. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं आणि उन्हावर सोडायचं. भातखाचरासारखं दिसतं, फक्त पीक पांढरं. तिथले मुकादम, तात्या, यांच्यासमोर परसू उभा राहिला आणि म्हणाला, "मले काम करू द्या. मजुरी नको."

"खंयसून इलास?" तात्यांनी विचारलं.

"यवतमाळ जिल्हा. पैनगंगेकडचा."

"मजुरी नको तर मग काय व्हया?"

परसूनं दादाचं सगळं सांगितलं. बैल, आजा, जिभेवरचा खडा. तात्या उठून उभे राहिले. मग बांधापलीकडच्या एका वडाकडे हात करून म्हणाले, त्यांच्या पणजोबांच्या तोंडी असायचं, घाटावरून लमाण उतरत, आणि त्यांचे बैल तिथं बसत. आताचं झाड ते नसेल, जागा तीच. परसू त्या वडापर्यंत चालत गेला. तिथं त्यानं काय केलं ते मी दुरून पाहिलं नाही, पाठ फिरवली. परत आला तेव्हा चपला हातात होत्या.

चार सकाळी तो आगरात राबला. लांब दांड्याला आडवी फळी लावलेली असते, तिनं पाण्याखालची मिठाची साय हलक्या हातानं बांधाकडे ओढायची. जोरात ओढली तर खालची माती येते आणि मीठ मळतं. पहिल्या दिवशी त्याचं सगळं मीठ मातकट निघालं, तात्यांनी ते परत पाण्यात टाकायला लावलं. पायाला चिरा पडल्या, त्यांत खारं पाणी गेलं की तो एका पायावर उड्या मारायचा आणि बायका हसायच्या. मी काय केलं? मी छपरीत बसून कोकम सरबत प्यालो. फळीला माझा हातसुद्धा लागला नाही. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो. चौथ्या दिवशी तात्यांनी परसूनं ओढलेल्या ढिगातून दोन ओंजळी त्याच्या कोथळीत स्वतः भरल्या.

त्याच दुपारी बँकेच्या पत्त्यावर तार आली. परसूला फौजेत हजर व्हायचं होतं, बेळगावला, चार दिवसांत. घरी जाऊन येण्याइतका वेळच नव्हता. सुमनकाकीनं त्याला ओवाळलं, ताईनं दशम्या बांधल्या. गाडीत चढताना त्यानं कोथळी माझ्या हातात दिली. "दादाच्या हातात देजो. याडीच्या नको, ते भाजीत टाकून देईन. सांगजो, परसूनं ओढलं म्हणा." मी म्हणालो, "जिवापाड सांभाळीन बे." गाडी वळेपर्यंत तो खिडकीतून हसत होता.

दोन दिवसांनी ताईला घेऊन मी निघालो. सुमनकाकीनं टोपलीभर कैऱ्या दिल्या होत्या. घाट चढताना ताईला उमासे येऊ लागले. "वसंता, कैरी काप रे. मीठ असतं तं बरं झालं असतं." मीठ माझ्या मांडीवरच होतं. मी कोथळीची गाठ सोडली. त्या चिमटीबद्दल मला आजही काही वाटत नाही. परसू असता तर त्यानंच ती दिली असती. पण पलीकडच्या बाकावरची बाई फोडीकडे पाहू लागली, मी तिलाही दिली. ती म्हणाली, "काय मीठ आहे हो!" आणि मी म्हणालो, "समुद्राचं आहे. आम्ही स्वतः आगरात जाऊन काढलं."

'आम्ही' म्हणालो. सोलापूरपर्यंत त्या 'आम्ही'चा 'मी' झाला. नव्या गाडीत नवे लोक, नवी कैरी, नवी चिमूट. फळी कशी धरायची, माती कशी टाळायची, खारं पाणी पायाच्या चिरांना कसं झोंबतं, सगळं मी माझं म्हणून सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "शाबास, शिकलेला असून कष्ट करतोस." कंडक्टरनं फोड घेतली, ड्रायव्हरसाठी घेतली. त्यात ती कोथळी सारखी पाझरत होती, माझ्या पांढऱ्या पँटवर असा ओला डाग पडला की कंडक्टर म्हणाला, "भाऊ, पुढच्या थांब्यावर थांबवू का गाडी?" सगळी गाडी हसली, मीही हसलो. इतक्या मजेत प्रवास मी पुन्हा केला नाही. नांदेडला गाडी बदलताना गाठ सोडली, तर आत ओलं कापड होतं आणि शिवणीत अडकलेले चार-दोन कण.

ताईच्या लक्षात आलं. "वसंता, ते परसूच्या दादाचं होतं ना रे?" मी म्हणालो, "त्यातलं थोडंच होतं, बाकीचं ट्रंकेत आहे." ढाणकीला उतरलो, तिला सावलीत बसवलं, आणि किराणा दुकानातून खडेमीठ घेऊन एव्हाना वाळलेली कोथळी भरली. दुकानदार आमच्या ओळखीचा. म्हणाला, "काय वसंतराव, समुद्रावरून आले अन् मीठ आमचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावर गेलो. मी यायच्या आधीच बातमी पोचली होती. दादाला धुतलेला पटका बांधून निंबाखाली बाजेवर बसवलं होतं, आणि बाया, म्हातारे, तान्ही लेकरं सगळी भोवती. मी कोथळी दादाच्या हातात दिली. त्यानं ती तळहातावर तोलली, बाहेरून दाबून पाहिली, कापडावरून अंगठा फिरवला.

"वाटेत पाझरलं काय रे?" त्यानं विचारलं.

"थेंबभर बी नाही, दादा," मी म्हणालो. "लय जपून आणलं."

दादानं तोंड माझ्याकडे वळवलं. त्याला दिसत नव्हतं, तरी मला मान खाली घालावी लागली. त्यानं कोथळीची गाठ सोडली. मग एक खडा जिभेवर ठेवला, तोंड मिटलं, आणि म्हणाला, "परसूनं पाठवलं. लय झालं. याले जेवू घाला." बायांनी गाणं धरलं. घराघरात एकेक खडा वाटला गेला, याडीनं उरलेलं देवळीत ठेवलं, आणि मला मधोमध बसवून दाळबाटी वाढली, वर तुपाची धार. मी पोटभर जेवलो. लाज वाटत होती म्हणून घास उतरला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला फार आनंद झाला होता.

दादा पुढे तीन वर्षं जगला. दर सणाला लोकांना सांगायचा, "मीठ चाखून मरतो म्हणलो होतो, अजून जित्ताच आहे. मिठातच खोट असंन!" सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मी.

परसू पहिल्या रजेवर आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "तुले माहीत नाही वश्या, आगरातलं ताजं मीठ रडते. पाणी सोडते. दादा सांगे, जुने लोक बैलाच्या पाठीवर पळसाची पानं टाकत, नाही तं पाठ सोलून निंघे. न रडणारं मीठ लमाण उचलतच नव्हता." मी हातातला चहा खाली ठेवला. खरं मीठ माझ्या मांडीवर कोल्हापूरपासून नांदेडपर्यंत पाझरलं होतं, आणि तेवढं एक खरं मी दादापुढे नाकारलं होतं. दादाला काय कळलं, काय नाही, हे विचारायला दादा तेव्हा हयात होता. मी विचारलं नाही.

फौजेतून परत आल्यावर परसूनं तांड्यात घर बांधलं. मी उमरखेडला आलो, पण दर दिवाळीला त्याच्याकडे जायचो, आणि दर दिवाळीला तो तेच म्हणायचा. "सांग ना बे वश्या, मी तं तवा बेळगावले होतो. दादानं खडा तोंडात ठेवला तवा कसा दिसत होता?" माझ्याशिवाय त्याला ते सांगेल असं कोणी उरलं नव्हतं. याडी गेली, निंबाखालचे बाकीचे म्हातारे गेले. आज्याचा तो एक क्षण परसूकडे होता तो फक्त माझ्या सांगण्यातून. म्हणून मी सांगायचो, आणि दर वर्षी थोडा रंग भरायचो.

मागच्या दिवाळीला ठरवूनच गेलो. नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून सगळी वाट वाक्य जुळवत होतो. परसूला दम लागत होता, ओसरीत तक्क्याला टेकून बसला होता. नातवंडं गोळा झाली. "या माणसानं आणलं होतं मीठ," तो त्यांना म्हणाला. "ऐका आता." मी घसा साफ केला आणि नेहमीसारखीच गोष्ट सांगितली. शिवाय त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितलं, की खडा जिभेवर ठेवताना दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते आलं नव्हतं. परसूनं गमछ्यानं डोळे पुसले.

निघताना माझ्या खांद्यावर हात टाकून तो रस्त्यापर्यंत आला. मी म्हणालो, "परसू."

"काय बे?"

"गार वारा सुटला. आत जाय."

माघ महिन्यात तो गेला. जे वाक्य मी मोटरसायकलवर जुळवलं होतं ते असं होतं: परसू, तुहं मीठ मी एसटीत वाटून टाकलं, दादाले ढाणकीच्या दुकानातलं चारलं, अन् आजवर तुह्या घरी त्याच्यावर जेवलो, मले माफ कर.